ज्याची किक त्याची गाडी

७ जानेवारी, बुधवार

गाडी सुरू झाली नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलीला "अस्तराचं कापड बघून येतो" अशी थाप मारली आणि गाळ्यावर गेलो. गाळा माझ्या दोस्ताच्या, वकिलाच्या घराखाली आहे, दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. शटर वर केलं, बाईसाहेबांवरची, म्हणजे माझ्या मोटरसायकलवरची, चादर काढली, पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बोरेटर ओसंडू दिला. सगळं शास्त्राप्रमाणे. मग किक मारली. मारली म्हणजे काय, गुडघा अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच रुसून बसला. पुन्हा मारली. पुन्हा. शेवटी मोजणं सोडून दिलं. बनियन पिळायला झालं, पण बाईसाहेबांनी साधी शिंकसुद्धा दिली नाही. वर वकिलाची खिडकी उघडी होती. त्याने ऐकलं नसेल अशी आशा आहे.

ही गाडी इटलीतल्या एका कधीच्या बंद पडलेल्या कारखान्याची. एकच सिलिंडर, साडेतीनशे सीसी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे सगळं जगाच्या उलट. तरुणपणी भंगारातून उचलली तेव्हा लोक म्हणाले, शिंप्याने सुई सोडून हे काय हातात घेतलं? नंतर तेच लोक मुलांना घेऊन बघायला यायचे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमचं मंडळ घाट चढतं. सगळ्यांच्या जुन्या इटालियन गाड्या, आणि सर्वांत पुढे मी. मंडळाचे नियम दोनच, दोन्ही मीच केलेले. पहिला, ज्याची किक त्याची गाडी. निघण्याआधी प्रत्येकाने सगळ्यांसमोर आपली गाडी स्वतः सुरू करायची, किका तीनच. जमलं नाही तर गाडी माघारी आणि मंडळातून नाव कमी. दुसरा, मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीला बोट लावायचं नाही. या दुसऱ्या नियमापायी आम्ही एका चांगल्या माणसाला काढून टाकलंय. बिचारा फोटोसाठी नुसता सीटवर बसला होता.

गुडघा सुजलाय. मुलीला सांगितलं, जिन्यात आपटला.

११ जानेवारी, रविवार

आज दुसऱ्या किकेत सुरू! बुधवारचं सगळं मी उगाच मनाला लावून घेतलं. गेले कित्येक महिने बघतोय, रविवारी ही बाई शहाण्यासारखी वागते आणि मधल्या वारी नखरे करते. रस्त्यावर रविवारी गाड्या कमी असतात, हवा स्वच्छ असते, त्याचा परिणाम असावा. जुन्या कार्बोरेटरला हवेचं फार कळतं.

गाळ्यात आजही शेजारची मांजर इंजिनाला पाठ लावून झोपली होती. हिलाही रविवारच सापडतो. हाकलली.

मग नेहमीप्रमाणे सगळे पेट्रोल पंपामागच्या हॉटेलात जमलो. बेकरीवाला आला, आमचा अध्यक्ष. त्याची लाल मोरिनी आहे आणि नियमांच्या बाबतीत तो माझ्याहूनही कडक. वकील आला त्याच्या गुझीवर. तिला बटण आहे. बटण दाबलं की सुरू. बटणवाल्यांना पहिला नियम लागू नाही, पण मानही नाही. मी त्याला म्हटलं, "वकीलसाहेब, लिफ्टने आलात का?" तो हसला. डोळे तांबारलेले होते, जांभया देत होता.

"झोप झाली नाही का रे?" मी विचारलं.

"अरे कात्री, वय झालं. पहाटेच जाग येते."

मला सगळे कात्री म्हणतात. कापड कापतो म्हणून नाही, समोरच्याचं बोलणं कापतो म्हणून.

१५ जानेवारी, गुरुवार

मुलगी बळजबरीने हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने फोटो उजेडावर धरला आणि एवढंच म्हणाला, "यात आता वंगण उरलेलं नाही." सांधा बदला म्हणतो. पुढे सहा महिने काळजी, आणि किकबिक तर विसराच.

मी म्हटलं, विचार करतो. विचार कसला करायचाय? दुकानात आता मी तयार पँटी आखूड करतो. सूट शिवून घ्यायला फक्त वकील येतो आणि त्याचे दोन-चार अशील. मशीन मुलगी चालवते, हिशेबही तीच बघते, आणि मी कोपऱ्यात बसून काजं करतो. वर्षातला तो एक दिवस मी सगळ्यांच्या पुढे असतो. वळणावर मागे बघितलं की माझ्या मागे रांग दिसते. तेवढं गेलं तर माझ्यात काय उरतं, ते मला खरंच माहीत नाही. भीती वाटते. कोणाला सांगणार? बायको असती तर तिला सांगितलं असतं, आणि ती म्हणाली असती, आधी पाय वर घेऊन बसा.

१८ जानेवारी, रविवार

पहिल्या किकेत! गुडघा अर्धाच गेला तरी झाली. म्हणजे मोहरीच्या तेलाचा शेक लागू पडतोय. डॉक्टर गेला उडत.

२५ जानेवारी, रविवार

पुन्हा पहिल्या किकेत. पण आज टेकडीच्या रस्त्यावर नेली आणि बाईचा जीवच निघाला. तिसऱ्या गिअरवर जिथे गाणं म्हणत चढायची, तिथे दुसऱ्यात धापा टाकत होती. परत आल्यावर बघतो तर सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ निळा पडलेला. हात जवळ नेवेना.

म्हणजे गुडघा सुधारला आणि गाडी मरायला लागली. माझ्या नशिबात दात असतात तेव्हा चणे नसतात.

वकील म्हणाला, "म्हातारी झाली रे ती. यंदा घाटात जरा हळू घे. कोणाची शर्यत आहे?"

"तुला काय जातंय?" मी म्हटलं. "तुझी बटण दाबल्यावर पळते."

"तू दमलास तर मला देऊन टाक. माझ्या लग्नात मागितली होती, तेव्हाही नाही म्हणालास."

ही त्याची जुनी थट्टा. पण आज मला ती थट्टा वाटली नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कार्बोरेटरचा जेट साफ केला, एअर फिल्टर धुतला, प्लग नवा घातला. गाळ्यात बसून कंबर धरली. गाडी होती तशीच.

घरी आलो तर वकील आमच्या स्वयंपाकघरात, मुलीशी हळू आवाजात बोलत होता. मी दारात दिसताच दोघं गप्प. वकील म्हणाला, "कोटाची बाही उसवलीये, ती दाखवायला आलो होतो." बाही धडधाकट होती. माझी शिलाई आहे, मला कळत नाही का?

तो गेल्यावर मुलीला विचारलं. ती म्हणाली, "काही नाही बाबा, तुमच्या तब्येतीचं विचारत होते."

"गाळ्याची दुसरी किल्ली कुठाय?"

"असेल कपाटात," म्हणाली, आणि कणीक मळायला वळली. कपाटात किल्ली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार



काल संध्याकाळी गाडीच्या पॉइंटवरच्या झाकणाला मी काळा दोरा बांधून आलो होतो, नजरेत भरणार नाही असा. दुसरा दोरा किकेच्या दांड्याला. आज सकाळी किकेचा दोरा तुटलेला. झाकणाचा शाबूत होता, तरी शंका आली म्हणून झाकण उघडलं. आतल्या स्क्रूंवर पेचकसाचे नवे ओरखडे. टायमिंग मागे घेतलेलं. चांगलं बोटभर वाटावं एवढं मागे! ठिणगी उशिरा पडली की गाडी सुरू व्हायला हलकी होते, पण दम जातो आणि पाइप तापून निळा होतो. हे काम जाणून-बुजून कोणीतरी केलेलं आहे.

आणि खाली फरशीवर एक काळं बटण पडलेलं होतं. चार भोकांचं, दोऱ्याची फुली, मागे तीन वेढे. जगात असं बटण मी एकटाच लावतो. आणि काळा कोट माझ्याकडून एकच माणूस शिवून घेतो.

शाळेपासूनचा दोस्त. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त नाचला होता. तो चोरून माझी गाडी सुरू करतो, फिरवतो, तिचा दम घालवतो, म्हणजे मी कंटाळून त्याच्या गळ्यात घालीन. आणि माझी पोटची मुलगी त्याला किल्ली देते. जेवलो नाही. मुलगी दारावर टकटक करून गेली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बेकरीवाल्याला सांगितलं तर वकील उद्याच मंडळाबाहेर. दोनदा बेकरीपर्यंत गेलो आणि पाव घेऊन परत आलो. मंडळात त्याच्याशिवाय मी बोलणार कोणाशी?

पण त्याला रंगेहाथ पकडणार. घाटाच्या दिवशी सकाळी त्याला मोह आवरणार नाही, तेव्हा. त्याच्या डोळ्यात बघायचंय मला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज टायमिंग पुन्हा कारखान्याच्या खुणेवर आणलं. मग विचार केला, घाट आहे, गाडी इतके दिवस उपाशी आहे, म्हणून खुणेच्याही केसभर पुढे घेतलं. ठिणगी लवकर पडेल, ताकद येईल. धोका एकच. अशी गाडी अर्धवट किक सहन करत नाही, उलट लाथ मारते. कॉम्प्रेशन, म्हणजे किक जिथे अडते ती जागा, नीट शोधून, पाय ताठ न ठेवता, एका दमात पूर्ण खाली जावं लागतं. मला ते येतं. आयुष्यभर तेच केलंय.

झाकण लावलं, माझे ओरखडे झाकायला स्क्रूवर ग्रीस फासलं, दोरा नाही बांधला. आता ही बाई फक्त माझी लाथ ओळखेल.

किक मारून बघितली नाही. गुडघा घाटासाठी राखून ठेवतोय.

१५ फेब्रुवारी, रविवार

गुडघा राखायला काल रात्रीच ताप आल्याचं सांगितलं आणि आज गेलोच नाही. मुलीने पहाटेच वकिलाला फोन करून कळवलेलं ऐकलं, "काका, आज नका उतरू, बाबा येत नाहीयेत." उतरू नका म्हणजे? हॉटेलात जाऊ नका म्हणायचं असेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. जाकीट इस्त्री केलं. मुलीने गुडघ्याला पट्टा आणून दिला आणि म्हणाली, "बाबा, नाही सुरू झाली तर नाही झाली. एवढं काय त्यात?"

तिला काय सांगू, काय आहे त्यात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही.

उजाडायच्या आधी गाळ्यावर गेलो, काठी घेऊन. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा एक आवाज ऐकला, बंद दारावर कोणी हातोडा मारावा तसा, आणि मागोमाग काहीतरी पडल्याचा. शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेलो. वकील जमिनीवर होता, पाठ भिंतीला, अंगात घरचा सदरा, पायात सपाता. उजवा पाय घोट्यापासून नको त्या बाजूला वळलेला. बाईसाहेब स्टँडवर जागच्या जागी उभ्या होत्या.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "सापडलास!"

त्याने माझ्याकडे बघितलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा. म्हणाला, "तू टायमिंगला हात लावलास का रे?"

बास, एवढंच. मग त्याची शुद्ध हरपली.

दवाखान्यात नर्सने त्याची पँट मांडीपर्यंत कापली. मीच शिवलेली. कात्री बोथट होती, तिला कापड ओढावं लागत होतं, आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "शिवणीवरून कापा, तिथून सोपं जाईल."

व्हरांड्यात वहिनी आल्या, वकिलाची बायको. बाकड्यावर माझ्यापासून लांब बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, मी हजारदा सांगितलं यांना. अहो, तुम्हाला साखरेचा आजार, पहाटे उठून त्या थंड गाळ्यात नका जाऊ. तर म्हणायचे, मी गरम करून ठेवली की त्याची पहिल्या दोन किकांत होते. त्याची किक गेली तर तो आठवड्यात अंथरूण धरेल."

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्याच्या मागच्या पावसाळ्यापासून. दर रविवारी. जानेवारीत तुम्ही एक दिवस भर दुपारी खाली धडपडत होतात ना, ते ऐकून खिडकीशी रडत बसले होते. मग पुस्तकात बघून ते टायमिंग का काय ते मागे केलं. तुमच्या लेकीने बॅटरी धरली होती."

मुलगी समोर उभी होती. तिने मान खाली घातली.  तिला बोलायला तोंड कुठे होतं मला?

त्याला वाटत होतं टायमिंग मागे आहे, म्हणून निवांत, सपाता घालून, ताठ पायाने किक मारली. गाडीने उलटी फेकली. केसभर पुढे. तेवढं केसभर मी माझ्या हाताने सरकवलं होतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ऑपरेशन झालं, घोट्यात धातूच्या पट्ट्या घातल्या. पण साखर उतरत नाही आणि जखम काळवंडतेय. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस बघू, पाय ठेवायचा की नाही ते मग ठरवू. "ठेवायचा की नाही" हे ते असं म्हणाले, जसं मी विचारतो, पँटीला घडी ठेवायची की नाही.

संध्याकाळी बेकरीवाला आला. वकील गुंगीत होता, तरी हसला. म्हणाला, "लोभ नडला रे बाबा. कात्रीची गाडी एकदा चोरून चालवून बघायची फार वर्षांची इच्छा. त्याला न विचारता गेलो आणि देवाने तिथल्या तिथे पावती दिली."

बेकरीवाल्याचा चेहरा दगड झाला. "काका, हे खरं?" त्याने मला विचारलं.

वकील माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी म्हणत होता, गप्प बस.

मी गप्प बसलो. हे लिहिताना स्वतःची किळस येतेय. पण गप्प बसलो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि त्या एका वाक्यात माझी गाडी, माझा घाट, माझं सगळं जाणार होतं. वकिलाचा पाय तिथे पलंगावर काळा पडत होता आणि मी माझ्या किकेचा विचार करत होतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात गेलो नाही. गाळ्यावर गेलो. टायमिंग पुन्हा मागे घ्यायला बसलो आणि लक्षात आलं, आता कोणासाठी? पेचकस ठेवून दिला.

मुलगी न्यायला आली. मी तिला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का बाबा?"

नसतं ऐकलं.

१ मार्च, रविवार

पाय वाचला. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं. घोटा मात्र आता हलणार नाही, फळीसारखा राहील. गुझीचा गिअरही उजव्याच पायाला आहे, म्हणजे वकील ती आता कधीच चालवणार नाही. वकील "बरं" म्हणाला, जसं कोर्टात तारीख मिळाल्यावर म्हणतो.

भेटीच्या वेळेला सगळं मंडळ आलं. जाकिटं घालून, पलंगाभोवती उभे. यंदा घाट झालाच नाही, माझी गाडी नाही म्हणून कोणी निघालंच नव्हतं. बेकरीवाला घसा साफ करून म्हणाला, "वकीलकाका, आम्हाला वाईट वाटतंय. पण मागे एकाला नुसतं सीटवर बसल्याबद्दल काढलंय. तुम्हाला सोडलं तर उद्या त्याला काय तोंड दाखवायचं? कात्रीकाका, नियम तुमचा. तुम्हीच बोला."

वकील घाईने म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. काढा माझं नाव. तसाही मी आता लंगडा. विषय संपला, फळं खा."

मी उठलो. काठी खुर्चीला टेकवलेली होती ती पडली, कोणीतरी उचलून दिली. म्हटलं, "तो चोरायला नव्हता आला. दर रविवारी पहाटे माझी गाडी गरम करून ठेवायचा, म्हणजे तुमच्यासमोर माझी लाज राहावी. मला किक बसत नाही. दीड वर्षापासून बसत नाही. गाडी त्याने सुरू करायची आणि ऐट मी मिरवायची, असं चाललं होतं. आणि त्याचा पाय माझ्यामुळे मोडला. टायमिंग मी पुढे घेतलं होतं."

 बाहेर ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज येत होता.

वकील ओरडला, "अरे गाढवा! दीड वर्ष मी सपाता हातात घेऊन जिना उतरलो, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, ते काय आज हे ऐकायला?"

"नाव माझं काढ," मी बेकरीवाल्याला म्हणालो. "ज्याची किक नाही, त्याची गाडी नाही. ती मंडळाची. ज्याला पूर्ण किक मारता येते त्याने न्यावी. फक्त आधी टायमिंग खुणेवर आणा."

बेकरीवाल्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, कळलं नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता. एकेक करून सगळे माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. मला ते हात सहन होईनात. शेवटचा माणूस बाहेर पडला तेव्हा मी रडायला लागलो, नाक गळेपर्यंत, वकिलासमोर.

त्याने मला रडू दिलं.  मग म्हणाला, "तुला एक सांगू? तुझ्यासाठी म्हणून सुरू केलं होतं, पण पुढे मलाच गोडी लागली. पहाटे सगळी गल्ली झोपलेली असायची, आणि ती बाई गरम व्हायला लागली की गाळ्यात असा वास पसरायचा. माझ्या गुझीला मी कधी एवढा जीव लावला नाही. आता रविवारी पहाटे मला जाग येणार, कात्री. तेव्हा उठून मी काय करू?"

 भेटीची वेळ संपल्याचं सांगायला नर्स आली, तरी मी तिथेच बसून होतो.